पुढची सीट

कारभारीची गाडी जागेवरून सुटताना थडथडायची. त्यात गाडीचा दोष थोडा आणि कारभारीच्या उजव्या पायाचा जास्त, असं त्याच्या बायकोचं, बानाबाईचं, पहिल्या दिवसापासून ठाम मत होतं.

पाय तरी बिचारा काय करणार? कारभारीची सारी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात प्रेसवर गेली. पत्र्यावर दाब द्यायचा आणि त्याला आकार आणायचा, हे त्याचं काम. दाब कमी पडला की माल वाया. ती सवय अंगात इतकी मुरली की घरातली नळाची तोटी, कपाटाचं दार, मिक्सरचं झाकण, कशालाही जोर लावल्याशिवाय हात लावणं त्याला जमायचं नाही. बजाजनगरच्या त्यांच्या दोन खोल्यांत तोट्या जितक्या बदलल्या तितक्या अख्ख्या गल्लीत कुणी बदलल्या नसतील. रिटायर झाल्यावर त्यानं एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि सगळा जोर तिच्यावर काढायला सुरुवात केली.

सिग्नल हिरवा झाला की पाय थेट तळाला. पुढची चाकं जागच्या जागी गरगरायची, स्टेअरिंग हातात लटलटायचं, आरशाला टांगलेला बिरोबाचा फोटो नाचायला लागायचा.

"आली बगा, हिच्या अंगात आली," बानाबाई शेजारून म्हणायची. दोघंच असले की ती पुढं बसायची, मांडीवर पाण्याची बाटली घेऊन. "भंडारा टाकू का जरा?"

मग कारभारी तिला समजावून सांगायचा. सांगायला त्याला भारी आवडायचं. "अगं, हिचं इंजन पुढची चाकं फिरवतं. एकदम जोर दिला की गाडी मागं दबते अन् पुढनं हलकी पडते. मग चाक घसरतं, धरतं, पुन्हा घसरतं. त्याची थडथड ती. दुसरं काय नाय."

"मंग जोर नका देऊ."

"जोर दिल्याबिगर गाडी जाती व्हय?"

इथं येऊन बोलणं संपायचं. माणसाला सगळं कळत असतं, फक्त पायाला कळत नसतं, असं म्हणून बानाबाई खिडकीबाहेर बघत बसायची.

खरं तर ही गाडी कारभारीनं कुणासाठी घेतली हे तिला पक्कं ठाऊक होतं. वेरूळच्या अलीकडं, डोंगराच्या अंगाला धनगरांची वस्ती आहे. तिथं कारभारीचे थोरले भाऊ मुंजाबा राहायचे. वस्तीला जायला मोठ्या रस्त्यावरून एक कच्ची वाट फुटते आणि शेवटी उभ्या चढानं वर जाते. लहानपणी मेंढरांमागं हिंडताना कारभारी दरडीवरून पडला, पायाचं हाड मोडलं, तेव्हा मुंजाबांनी त्याला खांद्यावर घेऊन तो चढ उतरवला होता. तिथून एका ट्रकवाल्याच्या हातापाया पडून औरंगाबादच्या दवाखान्यात आणलं होतं. लग्न झाल्यापासून बानाबाईनं ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की आता कारभारी मध्येच अडला तर पुढचं वाक्य ती सांगायची. दादाला एकदा तरी आपल्या गाडीतून त्याच्या दारात नेऊन सोडायचं, एवढीच त्या माणसाची हौस होती. यष्टी मोठ्या रस्त्यावर सोडायची आणि मुंजाबा तिथून काठी टेकत वर जायचे, हे त्याच्या जिवाला लागायचं.

संधी आली ती मात्र काळजीची आली. मुंजाबांचा एक डोळा तरुणपणीच बाभळीच्या काट्यानं गेला होता. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. गारखेड्यातल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, पण जरा अवघड निघालं, आत टाका घालावा लागला. डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, धूळ जाऊ द्यायची नाही आणि हादरा तर अजिबात बसू द्यायचा नाही. आहे तो एवढाच डोळा.

मुंजाबा आणि त्यांची बायको सुगंधाबाई काही दिवस बजाजनगरला राहिले, आणि बानाबाईची वेगळीच तारांबळ उडाली. त्यांच्या घरात थोरल्या दिराशी धाकट्या भावजयीनं बोलायचं नाही, अशी रीत. त्यांनीही तिच्याशी बोलायचं नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून बानाबाईनं ती पाळली होती. ते आले की डोक्यावर पदर, ते बसले की ती उभी, ते दारातून गेले की ती भिंतीला. मोकळ्या वस्तीत हे निभतं. दोन खोल्यांत कसं निभावं? मुंजाबांना चहा हवा असला की ते भिंतीला सांगायचे, "म्हणावं, च्या झाला असंल तं घोटभर द्या." बानाबाई भिंतीआडून सुगंधाबाईला सांगायची, "आक्का, म्हणावं, साखर कमी टाकलीय." डोळ्यात थेंब टाकायचे तेव्हा तर तमाशाच. बाटलीवरचं बानाबाईला वाचता यायचं, सुगंधाबाईला नाही. म्हणून बानाबाई पडद्यामागून सांगायची, "आक्का, आता निळ्या झाकणाची," आणि सुगंधाबाई चुकून पांढऱ्या झाकणाची उचलायची. कारभारी हसून हसून लोळायचा. पण रीत मोडावी असं त्यालाही कधी वाटलं नाही. वाटलं असेल तर तो बोलला नाही.

निघायच्या दिवशी डिकीत ज्वारीचं भरलेलं पोतं, तेलाचा डबा आणि मेंढरांसाठी मिठाची पिशवी पडली. आता माणसं. कारभारीनं पुढचं दार उघडून धरलं.

"दादा, बसा हितं. ऐसपैस."

"मला पुढं नको," मुंजाबा म्हणाले. काळा चष्मा, त्याच्या आत डोळ्यावर दवाखान्यातली पांढरी प्लास्टिकची ढाल, डोक्याला लाल पटका. "माणसं पाठीमागं ठेवून चालायची सवय नाय मला. मी आपला मागं बसतो."

हयातभर कळपाच्या मागून चाललेला माणूस. त्याला आपलं सारं काही समोर लागायचं, डोळा झाकलेला असला तरी. ते मागं बसले. त्यांच्याशेजारी सुगंधाबाई. आणि बानाबाई? थोरले दीर मागं बसलेले असताना त्यांना पाठ दाखवून, नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून पुढं कशी बसणार? तीही मागंच घुसली, सुगंधाबाईच्या पलीकडं, दाराला चेंगरून, मांडीवर गाठोडं. पुढची सीट मोकळी राहिली, आणि गाडीतल्या एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

दौलताबादचा घाट डांबरी होता, गाडी कुरकुर न करता चढली. खुलताबाद मागं पडलं. बानाबाईला वाटलं, चला, निभलं. मग गाडी मोठा रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागली आणि समोर तो चढ आला. परवाच त्यावर मुरूम टाकला होता. अजून दबला नव्हता, सुटा सुटा पसरलेला होता.

कारभारीनं चढ बघितला, पाठ सरळ केली आणि पाय दाबला.

गाडी निम्म्यापर्यंत गेली. तिथं वेग मेला. कारभारीनं पाय आणखी दाबला आणि थडथड सुरू झाली. ही सिग्नलवरची थडथड नव्हती. पुढचा सगळा भाग आपटायला लागला, मुरमाचे खडे खालून ताडताड बसायला लागले, गाडीचं तोंड एका बाजूला सरकलं आणि ती बंद पडली.

मुंजाबांचा हात डोळ्यावरच्या ढालीवर गेला होता. त्यांनी दातांमधून श्वास आत ओढला. बानाबाईला तो ऐकू आला.

"दादा, लागलं का वो?" कारभारीनं विचारलं.

"नाय. चाल तू."

कारभारीनं गाडी मागं घेतली, पार पायथ्याला. या वेळी लांबून पळवत आणली. बानाबाईला ओरडावंसं वाटलं, अवो पाय, पाय काढा! पण थोरल्यांच्या समोर नवऱ्याला ओरडायचं कसं? तिनं गाठोडं घट्ट धरलं. गाडी पहिल्या जागेपर्यंतसुद्धा पोचली नाही. चाकं मुरूम उकरत जागेवर फिरली, आपटली, पुन्हा फिरली, रबर जळाल्याचा वास आला. या वेळी मुंजाबांच्या तोंडून "आई गं" निघालं.

"आरं कारभारी, बास कर," सुगंधाबाई कळवळली. "टाका सुटला म्हंजी काय करायचं? हितंच बसायचं का आंधळ्याला घेऊन?"

वर चढाच्या तोंडाशी मुंजाबांचा पोरगा सांडू उभा होता. चांगला बाप्या माणूस, दोन लेकरांचा बाप. त्यानं हात तोंडाशी नेऊन हाळी दिली, "काका, राहू द्या! ट्रॅक्टर आणतो, आबाला ट्रॉलीत बसवू!"

कारभारीचे कान लाल झालेले बानाबाईला मागून दिसले. ट्रॉली म्हणजे रिकाम्या डब्यात खडे घालून हलवावेत तशी. त्यात डोळा काय टिकणार?

"मी चालतो," मुंजाबा म्हणाले आणि त्यांनी दार ढकललं. वाऱ्यानं मुरमाची धूळ सरळ आत आली. सुगंधाबाईनं त्यांच्या अंगावरून झेप घेतल्यासारखा हात टाकून दार ओढून घेतलं आणि पदर त्यांच्या तोंडावर धरला.

कारभारीनं इंजन बंद केलं. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून तो नुसता बसून राहिला. त्याच्या मानेवरचे पांढरे केस घामानं चिकटले होते. बानाबाईला त्याची इतकी माया आली की तिला स्वतःचाच राग आला. हा धांदरट, तोट्या मोडणारा, सिग्नलला शर्यत लावणारा माणूस लहानपणी याच चढावर भावाच्या खांद्यावर रडत होता, आणि आज भावाला वर न्यायची वेळ आली तर त्याला ते जमत नव्हतं. तिला पुढं हात करून त्याच्या पाठीवरून फिरवायचा होता. पण मधे सीट होती, आणि शेजारी थोरले होते.

थोड्या वेळानं कारभारी उतरला. मागं जाऊन त्यानं डिकी उघडली, ज्वारीचं पोतं ओढून काढलं, धापा टाकत पुढं आणलं आणि शेजारच्या सीटवर आपटलं. मग पट्टा ओढून पोत्याला लावायला लागला.

"काय करायलास रं?" मुंजाबांनी विचारलं. त्यांना दिसत नव्हतं, ऐकू येत होतं.

"वजन पुढं घेतो, दादा. मागं तिघं, डिकीत एवढं सामान. पुढची चाकं हलकी पडलीत, जमीन धरीनात. म्हणून पोतं ठेवतोय पुढं."

"कशाचं पोतं?"

"जवारीचं."

"अन् पट्टा?"

"घसरू नये म्हणून."

बानाबाई खाली मान घालून बसली होती. पोत्याबद्दल तिला आधी काही वाटलं नव्हतं. पण कारभारीनं पोतं ओढलं, वाहिलं, बसवलं आणि तेवढ्यात एकदाही तिच्याकडं बघितलं नाही, हे तिच्या लक्षात आलं. बघितलं असतं तर विचारावं लागलं असतं, आणि विचारलं असतं तर तिनं नाहीच म्हटलं असतं. दोघांनाही ते माहीत होतं. आणि तरी त्या पोत्यासमोर तिला लाज वाटली.

"म्हंजी जवारीला पुढं बसवतो, पट्टा लावतो," मुंजाबा सावकाश म्हणाले, "अन् बायकोला मागं चेंगरून ठेवतो."

"दादा, ती कशी बसंल? तुमच्यासमोर..."

"माझ्यासमोर काय? एक डोळा कवाचाच गेला, दुसऱ्यावर झाकण हाय. माझ्यासमोर आता हाय काय अन् नाय काय!"

सुगंधाबाईला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. कारण मुंजाबांनी मान वळवली होती. बायकोच्या पलीकडं, बानाबाई जिथं बसली होती तिकडं. भिंतीकडं नाही, छताकडं नाही.

"बाना," ते म्हणाले. "पोतं राहू दे खाली. तू बस पुढं."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तिनं "म्हणावं"शिवाय दुसरं काही ऐकलं नव्हतं. आपलं नाव त्यांना माहीत असेल की नाही, असंही तिला कधीकधी वाटायचं. सुगंधाबाईनं तिला कोपरानं ढोसलं, "ऊठ ना गं. सांगायलेत ना."

ती उतरली. कारभारीनं पोतं काढून वाटेच्या कडेला ठेवलं, तेलाचा डबा आणि मीठही उतरवलं आणि सांडूला खुणावलं की नंतर घेऊन जा. बानाबाई पुढं बसली, डोक्यावरचा पदर पुढं ओढून. त्यांना पाठ होती तरी ओढला. पट्टा कारभारीनंच लावून दिला.

गाडी पुन्हा पायथ्याशी आली. कारभारीनं तिच्याकडं बघितलं. ती मागं ऐकू जाणार नाही अशा बेतानं पुटपुटली, "हळू."

"व्हय," तो म्हणाला, आणि नेहमीसारखा पाय दाबला.

थड! थड! बिरोबाचा फोटो उडाला. बानाबाईचा हात आपोआप त्याच्या गुडघ्यावर गेला. थोरले दीर मागं बसलेले, जाऊ मागं बसलेली, आणि तिनं भर दुपारी नवऱ्याचा गुडघा धरला.

"पाय काढा!"

"अगं, पण..."

"काढा म्हणते ना! त्यांचा डोळा जाईल अन् तुमी जोर करीत बसा!"

एवढा तिचा आवाज गाडीत कधीच निघाला नव्हता. मागून मुंजाबा शांतपणे म्हणाले, "ऐक तिचं."

कारभारीनं पाय उचलला. गाडी मेल्यासारखी झाली, आता थांबते की काय असं वाटलं, आणि मग पुढच्या चाकांनी मुरूम धरला. थडथड थांबली. बानाबाईचा हात गुडघ्यावरच होता. "आता दाबा उलुसं, जरासंच. आणखी उलुसं. बास, एवढंच ठेवा. एवढंच," ती म्हणत राहिली. वस्तीवर आली की नव्या कोकराला बाटलीनं दूध पाजताना ती अशीच बोलायची. कारभारीच्या कपाळावर घाम आला होता. दाबायला त्याला कधी पडले नव्हते तेवढे कष्ट न दाबायला पडत होते. खडे चाकाखाली कुरकुरत दबत होते आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगानं चढत होती.

बानाबाईची नजर आरशात गेली. त्यात मुंजाबा दिसत होते. एवढ्या वर्षांत तिनं त्यांचं तोंड असं नीट कधी बघितलंच नव्हतं, बघायचे ते पाय. हनुवटी अगदी कारभारीसारखी होती. ढालीवरचा हात त्यांनी आता काढून मांडीवर ठेवला होता. तिचा जीव भांड्यात पडला.

चढ संपला. सांडूच्या अंगणात, थेट ओट्यापाशी गाडी उभी राहिली. कारभारी उडी मारून उतरला आणि पुतण्याला मिठी मारून रडायलाच लागला. एकीकडं हसत होता, एकीकडं रडत होता, आणि सांडूच्या पाठीत असे धपके घालत होता की बिचारा वाकला. वस्तीवरची माणसं गोळा झाली. सुगंधाबाई पलीकडच्या दाराची कडी चाचपत होती, तिला ती सापडत नव्हती.

अलीकडं मुंजाबा आपलं आपण दार उघडून बाहेर यायला लागले. दिसत नव्हतं, घर आल्याचं तेवढं कळलं होतं. गाडीच्या दाराची चौकट बुटकी. ते सरळ उभे राहायला निघाले होते आणि पटक्याखालचं कपाळ नेमकं त्या पत्र्याच्या रोखानं चाललं होतं.

बानाबाई दोन पावलांवर होती. तिनं तोंड उघडलं आणि तिच्या ध्यानात आलं की या माणसाला हाक मारायला तिच्याजवळ शब्दच नाही. दुसऱ्यांशी बोलताना ते "थोरले" होते. त्यांना स्वतःला काय म्हणायचं, याची गरजच कधी पडली नव्हती.

तिनं धावत जाऊन चौकटीवर तळहात आडवा लावला.

"दादा, डोकं सांभाळा!"

मुंजाबा अर्धवट उठलेले होते, तसेच थांबले. पटका तिच्या हाताला टेकला होता. कारभारीनं सांडूला सोडलं आणि तो वळून बघायला लागला.

"व्हय, बाना," मुंजाबा म्हणाले. मग त्यांनी डोकं खाली घेतलं, चाचपडत तिचा दुसरा हात शोधला आणि तो धरून ते घरी उतरले.